नामिबिया हुकला, माणदेश गवसला!

प्रत्येक ऑफिसात एक ‘जाऊन आलेला’ असतो. आमच्याकडचा नामिबियाला जाऊन आला होता. २०१९ ची गोष्ट. लंच अवरमध्ये आम्ही डबे उघडायच्या आत हा लॅपटॉप उघडायचा. सोसुसव्लेईच्या केशरी वाळूच्या टेकड्या, एटोशाचं पांढरंफेक खारट मैदान, पाणवठ्यावर रांगेत आलेले हत्ती... सव्वाआठ लाख चौरस किलोमीटरचा देश, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा. आणि अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या पुण्याहून कमी! फोटो बघून बघून आमची अवस्था अशी झाली, की पोळी-भाजी खातानाही दाताखाली वाळू आल्यासारखं वाटायचं.

मी आणि शेजारच्या क्युबिकलमधली माझी कलीग, आम्ही दोघींनी ते भलतंच मनावर घेतलं. साहेबांनी (म्हणजे या जाऊन आलेल्यानं) आम्हाला चौदा कलमी सूचनापत्र मेल केलं. आम्ही त्याची प्रिंटआउट काढून सॉफ्टबोर्डवर लावली. पैसे साठवायला सुरुवात केली. आणि मग जे सगळ्यांचं होतं, तेच आमचंही झालं. रिलीजची तारीख पुढे सरकली, तीन आठवड्यांच्या रजेचे चार दिवस उरले. चार दिवसांत नामिबियाचं विमानतळही नीट बघून होत नाही.

मी तोंड पाडून बसले होते. कलीग म्हणाली, ‘‘रखरखाटच बघायचाय ना तुला? चल आमच्या गावाला.’’

‘‘पण तू तर सांगलीची ना?’’

‘‘सांगली जिल्हा. तालुका आटपाडी.’’

दोन वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. सांगली म्हटलं की लोक कृष्णाकाठ, हळद, द्राक्षं आणि नाटकं यावर बोलायला लागतात आणि पुढे काही विचारत नाहीत. तिलाही ते बरं पडायचं. तिचे वडील कोईमतूरला गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम. विटा, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं या एका कसबावर देशभर पसरलीयेत. दक्षिणेतल्या एखाद्या शहराच्या सराफ गल्लीत अचानक अस्सल माणदेशी मराठी ऐकू आलं, तर दचकू नका. शेतात काही पिकत नाही म्हणून बाहेर पडलेल्यांची ही आता कितवी तरी पिढी.

तर सॉफ्टबोर्डवरची नामिबियाची लिस्ट काढून पर्समध्ये टाकली आणि आम्ही माणदेशात निघालो. म्हटलं, बघू तरी त्यातलं किती लागू पडतंय!

एकाच जिल्ह्यात दोन हवामानं

आधी थोडा भूगोल. (कंटाळू नका, शाळेतला नाही.) माण नदी, म्हणजेच माणगंगा, माण तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते आणि पुढे जाऊन भीमेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांचा कोरडा मुलूख म्हणजे माणदेश. साताऱ्याचा माण तालुका, खटावची थोडी बाजू, सांगलीचा आटपाडी आणि पलीकडे सोलापूरचा सांगोला. जत आणि कवठेमहांकाळ तसे माणदेशाबाहेरचे, पण पावसाच्या हिशोबात सख्खे भाऊ.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आपण तिथं स्ट्रॉबेरी क्रीम खायला जातो, ते सातारा जिल्ह्यातच. आणि त्याच जिल्ह्यात सव्वाशेक किलोमीटर पूर्वेला म्हसवडला पाचशेच्या आसपास, तोही त्याच्या लहरीनं. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात आणि पलीकडे पोचते ती नुसती सावली. साताऱ्याहून कोरेगावमार्गे निघालात, तर वर्धनगडाचा घाट ओलांडताना हा बदल गाडीच्या काचेतून दिसतो. इकडे ऊस, तिकडे माळ.

नामिबियाचं प्रकरण वेगळं. तिथं समुद्र दारात आहे, पण बेंग्वेलाचा थंड प्रवाह किनाऱ्याला चिकटून वाहतो. त्यामुळे धुकं येतं, पाऊस येत नाही. नामिब वाळवंटात किनाऱ्यालगत शंभर मिलिमीटरही पडत नाही. तेव्हा माणदेशाला वाळवंट म्हणणं हा माझा ट्रॅव्हल रायटरचा चावटपणा आहे, हे आधीच कबूल करते. इथं वाळूच्या टेकड्या नाहीत. मुरमाड माळ आहे, कुसळी गवत आहे, बाभळ, बोर, तरवड आहे, आणि वर उगाचच मोठं वाटणारं आकाश आहे.

कलम पहिलं : पहाटे निघा

नामिबियात उजाडायच्या आत निघायचं, कारण अकरानंतर वाळू भाजते. एप्रिलमधल्या माणदेशासाठीही हेच. आम्ही पुण्याहून चारला निघालो आणि फलटणला चहा घेतला. फलटणपर्यंत नीरेचा कालवा आहे, तोवर सगळं हिरवं. तिथून शिखर शिंगणापूरचा रस्ता धरला की हिरवा रंग हळूहळू काढून घेतात.

शिंगणापूरला देवासाठी थांबा, नाहीतर तळ्यासाठी थांबा. पण थांबाच. शंभूमहादेवाचं देऊळ डोंगराच्या टोकावर आणि पायथ्याशी मालोजीराजे भोसल्यांनी, म्हणजे शिवरायांच्या आजोबांनी, बांधलेला तलाव. यात्रेकरूंना प्यायला पाणी नाही म्हणून बांधलेला. चैत्रात इथं कावडी येतात. सासवडकडची तेल्या भुत्याची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन इतक्या लांब चालत येते आणि मुंगी घाटाच्या उभ्या कड्यावरून माणसांची साखळी करून वर चढवली जाते. कशासाठी, तर देवाला आंघोळ घालायला! देवाचीसुद्धा आंघोळ बाहेरून आलेल्या पाण्यावर होते, असा हा मुलूख. चैत्र शुद्ध द्वादशीला मुंगी घाट बघायचा असेल, तर आदल्या दिवशीच पोचा आणि गर्दीची तयारी ठेवा.

कलम चौथं : टायरमधली हवा कमी करा

नामिबियातले बहुतेक रस्ते खडीचे आहेत. हवा थोडी कमी ठेवली की टायर पकड घेतो, गाडी घसरत नाही. आम्ही हुशार. दहिवडीच्या पुढे एका पंक्चरवाल्याकडे थांबून म्हटलं, ‘‘दादा, चारी चाकांतली हवा जरा कमी करा.’’

त्यानं आधी चाकांकडे बघितलं, मग आमच्याकडे. ‘‘ताई, हितं हवंचा काय प्रॉब्लेम न्हाय. बाभळीचा काटा हाय. इस्टेपनी बगा आधी.’’

स्टेपनी बघितली. बसलेली होती. तिच्यात त्यानं हवा भरून दिली, पैसे घ्यायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता, आसपास झाड नसलेल्या जागी, आम्ही त्याची मनोमन आरती केली. तर लिस्टमधलं हे कलम खोडून लिहा : स्टेपनी तपासा, जॅक लावायला शिका आणि मळ्याच्या वाटेनं गाडी घालू नका.

पेट्रोलचं कलम मात्र जसंच्या तसं पाळा. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, विटा, जत, मोठ्या गावांत पंप आहेत, पण अर्ध्या टाकीवर ‘पुढे बघू’ म्हणू नका. आणि दिवस मावळल्यावर गाडी चालवू नका हेही. नामिबियात अंधारात कुडू हरीण बॉनेटवर येतं. इथं हिवाळ्यात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली येते. कुडू निदान पळतो तरी!

कलम सातवं : पाणी

‘माणशी रोज पाच लिटर, शिवाय गाडीसाठी वेगळं.’ आम्ही वीस लिटरचा जार डिकीत टाकला होता आणि त्याचा फार अभिमान वाटत होता.

संध्याकाळी कलीगच्या आत्याच्या घरी पोचलो. दिघंचीच्या पुढची वस्ती, पाच-सहा घरं. गाडी पांढऱ्या धुळीनं इतकी माखलेली, की रंग ओळखू येत नव्हता. आत्या बाहेर आल्या, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तांब्यात पाणी दिलं. ‘‘दमला आसशिला गं पोरी. बसा, च्या टाकते.’’ त्या आणि कलीग आत गेल्या. मला वाटलं, तेवढ्यात काच पुसून घ्यावी. अंगणात निळं प्लास्टिकचं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं, शेजारी बादली. मी एक बादली काचेवर ओतली. मग दुसरी. मग चाकांवरही. मग राहवेना, म्हणून बॉनेटवर. सवय असते ना, सोसायटीत वॉचमन पाइप लावून धुतो, तशी.

आत्या चहा घेऊन दारात आल्या. थांबल्या. पिंपाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. म्हणाल्या, ‘‘च्या घ्या, गार हुईल.’’ बस.

रात्री बाजेवर झोपल्यावर कलीगनं हळूच सांगितलं. टँकर चार दिवसांनी येतो. घरटी एक पिंप. मी चार दिवसांच्या घरखर्चातून पाऊण तास गाडी चमकवली होती. आमचा वीस लिटरचा मिनरल वॉटरचा जार तेव्हा डिकीत सुखानं झोपला होता.

नामिबियाची राजधानी विंडहोकमध्ये १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळतात. जगभरचे इंजिनीअर बघायला जातात. आत्यांच्या अंगणातला प्लांट बिनयंत्राचा. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी आधी राखेनं कोरडी घासायची आणि मग वाटीभर पाण्यात विसळायची, ते पाणी दारातल्या लिंबाला. आंघोळीच्या दगडापासून एक बोटभर रुंद चर खणलेला, तोही लिंबाच्याच मुळाशी जाणारा. त्या लिंबाला काय लिंबं लागली होती!

सकाळी मी आंघोळ नको म्हणाले. आत्यांनी ऐकलं नाही. ‘‘पावनी बिनआंघुळीची ऱ्हाती व्हय? लोक काय म्हंतील?’’ चुलीवर डेचकं चढलंच. दीड तांब्या गरम, दीड तांब्या गार. त्या तीन तांब्यांत मी जितकी स्वच्छ झाले, तितकी शॉवरखाली कधी झाले नाही.

म्हणून हे कलम जरा सविस्तर लिहिते. उन्हाळ्यात जाणार असाल, तर पाणी न्या, आणि ते यजमानांच्या घरात आधी उतरवा. पाहुण्याला तांब्या मिळणारच, कितीही टंचाई असो. आपण तो अर्धा पिऊन अर्धा अंगणात फेकायचा नाही. हॉटेलात, लॉजवर ‘ए भाऊ, बाथरूमला फोर्स नाही’ म्हणून भांडायचं नाही. आणि गाडी? धुळीतच राहू द्या. फोटोत छान दिसते.

‘टँकरचा काढा फोटू’

दुसऱ्या दिवशी चारा छावणीत गेलो. २०१९ च्या त्या उन्हाळ्यात माण, आटपाडी, सांगोला सगळीकडे छावण्या होत्या. आत्यांचे मालक दोन खिल्लार बैल आणि गाय घेऊन छावणीतच मुक्कामाला होते. खिल्लार म्हणजे इथला अभिमान. पांढराशुभ्र, लांब शिंगांचा, अंगानं सडसडीत. या जातीच्या प्रकारांतच म्हसवडचं आणि आटपाडीचं नाव आहे. दारात चारा नसला तरी बैल विकायचा नाही म्हणून माणूस घर सोडून जनावरामागं छावणीत जाऊन राहतो. शेडनेटच्या तुकड्याखाली बाज, कंदील, चार्जिंगला लावलेला मोबाइल, आणि उसाच्या वाड्याचा गोडसर वास. संध्याकाळी पोरं शाळेतून थेट तिथंच येऊन अभ्यास करत होती.

लिस्टमध्ये अकरावं कलम होतं : ‘हिंबा लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.’ आम्ही विचारलं. एका बाईंनी पदर सारखा केला, आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘आमचा कशाला? टँकरचा काढा फोटू, कवा येतोय त्ये तरी कळंल.’’ मी कॅमेरा बॅगेत घातला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली शहर कृष्णेच्या पुराखाली गेलं. टीव्हीवर बोटी दिसत होत्या. कलीगला ऑफिसात सगळे विचारत होते, ‘घरी सगळे सेफ ना?’ आणि तिकडे जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीत टँकर चालूच होते. तिला काय उत्तर द्यावं कळेना. जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या गावांनी तर पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यावरून दोन्ही राज्यांत मोठा गदारोळ झाला. तिकडे गेलात, तर बोलताना भान ठेवा. तुमच्यासाठी ती सीमाप्रश्नाची गप्पा असते, त्यांच्यासाठी नळाची.

मुद्दाम वाट वाकडी करून

नुसता रखरखाट बघायला जा, असं नाही सांगणार. बघण्यासारखं पुष्कळ आहे, आणि अजून तरी गर्दी नाही.

म्हसवडला सिद्धनाथाचं देऊळ आहेच, शिवाय बाजारात घोंगडी मिळतात. खरखरीत, काळी, आयुष्यभर टिकणारी. एक घ्याच, आणि घासाघीस करू नका. याच गावात १९९७ मध्ये चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. व्याजाचा हिशोब मात्र तोंडी यायचा! गावाचा स्वतःचा कम्युनिटी रेडिओही आहे, माणदेशी तरंग. गाडीतला पुण्याचा आरजे खरखरायला लागला की तो शोधा.

माण तालुक्यातलंच मोही हे ललिता बाबरचं गाव. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पोचलेली हीच ती. स्टीपलचेसमध्ये पाण्यात उडी मारावी लागते, हा योगायोग मला फार आवडतो.

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव ब्रिटिशांच्या काळातला. १८७६ च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून बांधायला घेतलेला. आम्ही गेलो तेव्हा तळ उघडा पडला होता, चिखलाच्या भेगांत शिंपले.

आटपाडीत स्वतंत्रपूर आहे. पूर्वी हा भाग औंध संस्थानात होता. १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलिश इंजिनीअरच्या कल्पनेतून औंधच्या राजांनी इथं बिनभिंतींचा तुरुंग काढला. कैदी शेती करतात, कुटुंबासह राहतात. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) यावरूनच सुचला, आणि त्याची कथा लिहिली ती याच मातीतल्या गदिमांनी, शेटफळेत जन्मलेल्या. ही खुली वसाहत अजूनही आहे, पण ते पर्यटनस्थळ नाही. बाहेरूनच बघा, कुंपणापाशी सेल्फी नको. गदिमांचे धाकटे भाऊ व्यंकटेश माडगूळकर माडगुळ्याचे. जाण्याआधी त्यांची ‘बनगरवाडी’ वाचून घ्या. दीडेकशे पानांची आहे, दोन रात्रींत होते. अमोल पालेकरांचा त्याच नावाचा सिनेमा १९९५ चा. शंकरराव खरातही आटपाडीचेच. एवढ्याशा कोरड्या तुकड्यात इतके लिहिणारे कसे निघाले, हे कोडं मला सुटलेलं नाही. करमणुकीला दुसरं काही नसणार, असं कलीग म्हणते.

येताना किंवा जाताना औंधचं भवानी संग्रहालय चुकवू नका. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत आणि (बसलात का?) चक्क हेन्री मूरचं एक शिल्प आहे. आधी सुट्टीचा वार विचारून घ्या. मायणी आणि येरळवाडीच्या तलावांवर थंडीत रोहित पक्षी येतात, दुर्बीण असेल तर न्या.

जेवायला बाजरीची भाकरी, मटकीचं कालवण, खर्डा, आणि कुणाच्या घरी जमलंच तर हुलग्याचं माडगं. दिसायला काही खास नसतं. थंडीच्या रात्री वाटीभर प्या, मग बोला.

कधी जाल?

नामिबियाचा सीझन मे ते ऑक्टोबर. तिथं तो हिवाळा असतो, पाणवठ्यावर जनावरं दिसतात, रात्री मात्र कुडकुडायला होतं. जाणाऱ्यांसाठी इतकंच : गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूनं चालते, दक्षिण आफ्रिकेचा रँड चालतो, खडीच्या रस्त्यावर ऐंशीच्या वर जाऊ नका, उत्तरेकडे जाणार असाल तर मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि तिथंही पाण्याचं भान ठेवा. २०२४ मध्ये तिथं दुष्काळी आणीबाणी होती आणि सरकारनं लोकांना मांस देण्यासाठी सातशेहून जास्त वन्य प्राणी मारायचं ठरवलं होतं. २०२२ च्या सप्टेंबरात कुनोला आलेले आठ चित्ते याच देशातले. आम्ही अजून गेलेलो नाही. लिस्ट सॉफ्टबोर्डवर परत लावलीय.

माणदेशाला एप्रिल-मेमध्ये जाऊ नका. आम्ही गेलो कारण रजा तेव्हाच मिळाली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळावर गुडघाभर गवत असतं आणि धनगरांचे कळप गावाकडे असतात. दिवाळीनंतर ते घाट उतरून कोकणाकडे निघतात. नाहीतर मार्गशीर्षात जा. शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो, गुलाल आणि खोबरं इतकं उधळतात की पांढरा कुर्ता घरीच ठेवा. पौषात खरसुंडीची यात्रा, खिल्लार बैलांसाठी. दिवसा ऊन, रात्री चांगली थंडी, जॅकेट हवंच. मुक्कामाला म्हसवड, आटपाडी, विट्यात साधे लॉज आहेत, गोंदवल्याला महाराजांच्या समाधी मंदिरात भक्तांची राहण्या-जेवण्याची सोय आहे. तिथं लॉजसारखं वागायचं नाही, हे सांगायला नको. यात्रेच्या दिवसांत मात्र आधी फोन करून ठेवा. पुण्याहून फलटण-दहिवडीमार्गे म्हसवड साधारण चार तास. मुंबईकरांनी साताऱ्याहून कोरेगाव-पुसेगाववरून यावं. एसटीही आहे, फक्त वाड्या-वस्त्यांसाठी ती पुरत नाही.

आम्ही परत गेलो ते गेल्या मार्गशीर्षात, रथ बघून पुढे आत्यांकडे. राजेवाडीच्या तलावात पाणी होतं. आटपाडीकडे टेंभू योजनेचं पाणी आलंय. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं इतक्या वर चढवलेलं. डाळिंबाच्या बागा होत्याच, आता मधूनमधून ऊसही दिसतो. मागच्या वेळी ज्या माळावर कलीगनं मला लांडग्याच्या पाऊलखुणा दाखवल्या होत्या, तो नांगरलेला होता. मला वाईट वाटलं आणि ते मी आत्यांना बोलून दाखवलं. त्या हसल्या. ‘‘तुला लांडगा बगायचा हुता, मला हिर भरल्याली बगायची हुती.’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दारात नळ आला होता. निळं पिंप मात्र तिथंच, काठोकाठ भरलेलं, वर झाकण. ‘‘नळ हाय की आता, मग पिंप कशाला?’’ कलीगनं विचारलं. ‘‘आसूंदे,’’ आत्या म्हणाल्या.

निघताना त्या गाडीपाशी आल्या. गाडी पुन्हा तशीच पांढरी. त्यांनी बोनेटवरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि बादली पुढं केली. ‘‘धू की आता. पाणी हाय.’’

सहा-सात वर्षांत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. कानापर्यंत लाल होऊन मी म्हटलं, ‘‘नको आत्या, फलटणला धुऊन घेते.’’

‘‘फलटणला पैसं घेत्यात की!’’